मयेकरकाकांच्या तीन सायकली

मांडवीतल्या आमच्या आळीत मयेकरकाकांना सगळे ‘कप्तान’ म्हणायचे आणि काका प्रत्येकाला तेच उत्तर द्यायचे, “कप्तान वर असतो. मी खाली इंजिनात होतो.” दूधवाला असो, पोस्टमन असो, नाहीतर गणपतीची वर्गणी मागायला आलेली पोरं असोत, ही दुरुस्ती त्यांनी कधी सोडली नाही. चिडायचे नाहीत, हसायचेही नाहीत. पत्त्यातला पिनकोड चुकला तर जसं आपण सांगू तसं सांगायचे. लोक ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा “काय कप्तान?” म्हणायचे.

मालवाहू बोटींवर इंजिनिअर म्हणून त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा ते निवृत्त होऊन चिऱ्याच्या घरात, पडवीत, खाकी अर्ध्या चड्डीवर आणि बनियनवर बसलेले असायचे. बुटके, गोल, सावळे. खांद्यावर कायम एक फडकं. बोटीवरचं आयुष्य त्यांच्यात उरलं होतं ते एकाच सवयीत. कुठलंही यंत्र चालू दिसलं की ते त्याच्यावर तळहात ठेवायचे. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा पाणीही न मागता त्यांनी फ्रीजवर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, “मागच्या पायाखाली पुठ्ठा घाल.” पुठ्ठा घातला आणि माझ्या फ्रीजची घरघर थांबली. शेजारच्या लग्नात अक्षता पडत असताना हा गृहस्थ मांडवामागे जनरेटरवर हात ठेवून उभा होता, आणि त्यांच्या पत्नी कुमुदकाकी त्यांना शोधत सगळा मांडव फिरत होत्या.

मी मिरजेची. विमा कचेरीतली बदली मला रत्नागिरीला घेऊन आली. घरचे मिरजेलाच राहिले आणि मी मयेकरांच्या शेजारी, एका घराचा माडीवरचा भाग भाड्याने घेऊन राहिले. येताना माझी गिअरची साधी सायकल टेंपोत टाकून आणली होती. सकाळी भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन यायचं, एवढाच माझा सायकलीशी संबंध. तिसऱ्या का चौथ्या दिवशी पडवीतून आवाज आला, “मॅडम, मागच्या मडगार्डचा स्क्रू ढिला झालाय.” मी थांबले. त्यांनी स्क्रू आवळला, मग माझ्या सायकलीकडे जरा वेळ बघितलं आणि आत जाऊन एक हिरवी सायकल बाहेर आणली. म्हणाले, ही घेऊन जेटीपर्यंत जा आणि परत ये. मग काय वाटलं ते सांग.

मी गेले, आले. “छान आहे,” मी म्हटलं.

“छान चालत नाय इथे,” काका म्हणाले. “आमटी छान, गाणं छान, सायकल छान. मग कळलं काय?”

मी पुन्हा जेटीपर्यंत गेले. त्या दिवशी मला कचेरीत पोचायला उशीर झाला.

काकांकडे लांबच्या प्रवासाच्या तीन पोलादी सायकली होत्या. ज्या माणसाला सायकलीतलं काही कळत नाही त्याला तिन्ही एकच वाटाव्यात, फक्त रंग वेगळे. हिरवी त्यांनी जपानात कोबे बंदरात घेतली होती, निळी रॉटरडॅमला, आणि लाल पुण्यातल्या एका कारागिराकडून बांधून घेतली होती. त्यांना ते कोबे, रॉटरडॅम आणि पुणेरी असंच म्हणायचे. तिन्ही त्यांच्या मापाच्या. तिन्हींना त्यांनी एकाच जातीचे टायर घातले होते, एकसारखी कातडी सीट, एकसारखं हँडल, हँडलवर एकसारखी सुती पट्टी. सीटची उंचीसुद्धा सुतळीने मोजून सारखी केलेली. हे सगळं कशासाठी, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले की बाकी सगळं सारखं केलं म्हणजे मग उरतो तो फक्त पोलादातला आणि बांधणीतला फरक. तो हाताला लागला पाहिजे.

तो हाताला लागायला मला वर्षभर लागलं. रविवारी मी मिरजेला गेले नाही की आम्ही भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागायचो. डाव्या हाताला काजळी नदीची खाडी मागे पडायची, पुढे सुरूचं बन, मग चढ, आणि चढ संपला की कातळाचा मोकळा सडा. तिथे वारा अंगावर यायचा. काका एका सायकलीवर, मी दुसऱ्या. मध्येच थांबून सायकली बदलायच्या. त्यांनी मला सांगायचं असं काही नव्हतंच, उलट ते विचारायचे. चढाला पायडल दाबलंस तेव्हा आधी काय झालं? खड्डा गेला तो मनगटात गेला की खांद्यात? वळणाला ती आपणहून आत गेली की तू नेलीस?

हळूहळू कळत गेलं. कोबेची नळी बारीक आणि पातळ. पायडल दाबलं की ती किंचित लवायची आणि मग पुढे फेकायची, जणू आपल्या श्वासाबरोबर चालते आहे. रॉटरडॅम रिकामी असली की दगडासारखी, प्रत्येक खडा मोजून हातात द्यायची. पण मागे-पुढे पिशव्या लावून ओझं भरलं की तीच शांत व्हायची, भरल्या बोटीसारखी खाली बसायची. पुणेरीचा पुढचं चाक धरणारा चिमटा जरा जास्त सरळ होता. ती वळायला आळशी, पण एकदा दिशा धरली की हात सोडून दिले तरी धरून ठेवायची. काकांचं तिच्याविषयी फार चांगलं मत नव्हतं. “शहाणी आहे,” म्हणायचे, “पण गप्पा मारत नाय.”

“आधी बस, मग बोल,” हे त्यांचं वाक्य होतं. सायकलीवरून सुरू झालेलं ते कशालाही लागू व्हायचं. आळीत नव्या डॉक्टरबद्दल, कुणाच्या होऊ घातलेल्या सुनेबद्दल, शहरात निघालेल्या नव्या खानावळीबद्दल कुणी मत द्यायला लागलं की काका फडकं झटकत तेवढंच म्हणायचे. सुनेबद्दलही तेच म्हटल्यावर काकींनी एकदा त्यांना आत बोलावून घेतलं होतं.

ओझ्याची परीक्षा घ्यायला ते नारळ वापरायचे. नारळ घरचे आणि साधारण एका वजनाचे, त्यामुळे दोन्ही बाजूंना सारखे भरता येत. एकदा त्यांनी कोबेच्या मागच्या दोन्ही पिशव्या नारळांनी गच्च भरल्या आणि आम्ही गोळपच्या सड्यावरून पावसच्या बाजूला उतरायला लागलो. मी बरीच मागे होते. उतारावर वेग आला आणि काकांचं हँडल थरथरताना मला मागून दिसलं. मग ती थरथर सायकलभर पसरली. सायकल कंबरेत मोडल्यासारखी डावी-उजवीकडे हलायला लागली. मी जागच्या जागी ब्रेक दाबले. काकांनी मात्र दोन्ही गुडघ्यांमध्ये आडवी नळी घट्ट धरली, मागचा ब्रेक हलकेच दाबत आणला आणि रस्त्याच्या कडेला गवतात उभे राहिले. तेवढ्यात एका पिशवीचा हूक निसटला आणि नारळ उतारावरून खाली धावत सुटले.

समोरून एसटी येत होती. ड्रायव्हरने गाडी थांबवली. कंडक्टर उतरला, त्याच्यामागे पाच-सहा प्रवासी उतरले आणि सगळी मंडळी रस्त्यावर नारळ गोळा करायला लागली. एका म्हाताऱ्या बाईंनी सगळ्यांसमक्ष एक नारळ आपल्या पिशवीत टाकला आणि काकांकडे बघून मान हलवली. काकांनीही हलवली. मी धापा टाकत पोचले तर त्यांच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. “मिळाला गो,” ते म्हणाले, “फरक मिळाला. एकटी असते तेव्हा नाचते, ओझं दिलं की कावते.” कंडक्टर त्यांना विचारत होता की लागलं का कुठे, आणि काका त्याला रॉटरडॅमवर हेच ओझं कसं मुकाट बसलं असतं ते समजावत होते. फुटलेल्या नारळांच्या वड्या काकींनी आळीभर वाटल्या. त्या महिन्यात नंतर त्यांनी काकांना नारळाला हात लावू दिला नाही.

दुसरा प्रसंग अभिजीतचा. हा पुण्याचा तिशीतला मुलगा, सुट्ट्या काढून किनाऱ्याने सायकलवर फिरायचा. दाभोळकडून बोटीने खाडी ओलांडून तो खाली रत्नागिरीला आला होता आणि कुणीतरी त्याला काकांकडे पाठवलं होतं. त्याचं वाचन भरपूर होतं. पडवीत चहा घेता घेता त्याने नम्रपणे सांगितलं की टायर आणि हवा सारखी असेल तर पोलादाच्या दोन फ्रेममधला फरक माणसाला कळत नाही, कळतो असं फक्त वाटतं. डोळे बांधून परीक्षा घेतली तर भलेभले चुकतात.

काका विचारात पडले. मग म्हणाले, “डोळे बांधून मांडवीला सायकल कशी चालवू? सायकलीच बांधू.”

काकींनी जुन्या सुती साड्या फाडल्या आणि आत नेऊन तिन्ही सायकलींना गुंडाळल्या. सीटपासून चिमट्यापर्यंत कुठेही रंगाचा ठिपका दिसेना. कुठल्या साडीत कुठली सायकल ते फक्त काकींना माहीत. काका एकेकीवर बसून रस्त्याने गेले, आले. पहिलीला कोबे म्हणाले, दुसरीला पुणेरी, तिसरीला रॉटरडॅम. काकींनी साड्या सोडल्या. रॉटरडॅम बरोबर होती. ज्या सायकलीला ते कोबे म्हणाले होते, जिच्यावरून उतरताना त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीचं समाधान होतं, ती पुणेरी निघाली.

अभिजीतला जिंकल्याचा आनंद झाला नाही. तो कप खाली ठेवून जमिनीकडे बघत बसला. काका पायरीवर बसले, उघड्या पडलेल्या लाल नळीकडे बघितलं आणि हसायला लागले. इतके हसले की त्यांना ठसका लागला. “इतकी वर्षं मी रंगावर बसत होतो,” ते म्हणाले. ही गोष्ट लपवायची असते हे त्यांच्या गावीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मासळीवालीला, देवळातल्या गुरवाला, केस कापायला गेले तिथे, सगळ्यांना त्यांनी आपण कसे चुकलो ते रंगवून सांगितलं. जिला गप्प म्हणून नावं ठेवली तिनेच कसं फसवलं, म्हणाले.

पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्या थंडीत रोज सकाळी काकी एक सायकल साडीत गुंडाळून द्यायच्या आणि काका ती घेऊन निघायचे. फुलाफुलांच्या साडीतली सायकल चालवणारा बुटका माणूस बघून लोकांनी निरनिराळे तर्क केले. कुणी म्हणालं नवस आहे, कुणी म्हणालं रंग उडू नये म्हणून. शिमग्याच्या सुमाराला एकदा मी त्यांच्याकडे गेले तेव्हा काकींनी मला डोळ्याने खुणावून आत बोलावलं आणि हळूच सांगितलं. महिनाभर ते एकदाही चुकले नव्हते. काकांनी स्वतः मात्र ते कुणाला सांगितलं नाही. चूक सगळ्या गावाला सांगितली आणि हे घरातच ठेवलं.

पुढच्या वर्षीचा पाऊस संपला आणि भातकापणीच्या सुमारास काका कोबेबद्दल तक्रार करायला लागले. ती मुकी झाली, म्हणाले. आधी त्यांना वाटलं, पावसात घरात राहून टायर कडक झाले असतील. टायर बदलले. मग चाकांतल्या बेअरिंगच्या गोळ्या बदलल्या, हँडलची पट्टी सोडून पुन्हा गुंडाळली. फ्रेमला कुठे बारीक तडा गेलाय का म्हणून ती उलटी टांगून, चिमटीत नाणं धरून नळीभर वाजवत बसले. पावसचा रस्ता तेवढ्यात नवा झाला होता, तेव्हा काही दिवस दोष डांबराला दिला. मग एके दिवशी म्हणाले की रॉटरडॅमही तशीच लागतेय.

त्यांनी मला कोबेवर बसायला सांगितलं. मी सड्यापर्यंत जाऊन आले. ती मला नेहमीसारखीच लागली, लवणारी, हलकी. मी तसं सांगितलं. काकांचा चेहरा बदलला. “तुला अजून कळत नाय मग,” ते म्हणाले आणि पाठ फिरवून आत गेले. इतक्या वर्षांत ते माझ्याशी तसं एवढं एकदाच बोलले. मला राग आला नाही, पण काहीतरी बिनसलंय एवढं कळलं.

काय बिनसलं होतं ते काकींना दिसलं. ओहोटीला काका मांडवीच्या खडकांवर अनवाणी फिरून यायचे. त्या दिवशी ते आले आणि पडवीतून स्वयंपाकघरापर्यंत चालत गेले. काकींनी मागे बघितलं तर लादीवर पावलागणिक रक्ताचा ठसा होता. खडकाला चिकटलेल्या कालवाच्या धारदार शिंपेने तळपाय चांगला कापला होता आणि शिंपेचा तुकडा आतच होता. काका ओट्याशी उभे राहून चहाला किती वेळ लागेल ते विचारत होते.

दवाखान्यात त्या दोघांबरोबर मी गेले होते. डॉक्टरांनी जखम साफ केली, साखर तपासली. मग त्यांनी आवाजाचा एक छोटा लोखंडी चिमटा काढला, टेबलावर आपटला आणि त्याचं टोक काकांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवलं. चिमटा घूं घूं करत होता. आम्हाला दोघींना तो ऐकू येत होता. डॉक्टरांनी विचारलं, कळतंय का?

काकांनी डोळे मिटले. फ्रीजवर हात ठेवून मिटायचे तसेच.

“आवाज येतोय,” ते म्हणाले. “पोचत नाय.”

डॉक्टरांनी घोट्यावर टेकवला, मग हाताच्या बोटांवर. बोटांना थोडा थोडा कळत होता, पायांना नाही. साखरेने नसा मंदावल्या आहेत, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आता साखर काबूत ठेवली तर पुढे वाढायचं थांबेल. गेलेलं परत येईल असं मात्र सांगता येत नाही. सायकल चालवायला हरकत नाही, पण पायांत नीट बूट हवेत आणि रोज कुणीतरी तळपाय बघायला हवेत. काका सगळं लक्ष देऊन ऐकत होते. यंत्राचा बिघाड दुसरा इंजिनिअर समजावतो आहे, अशा तऱ्हेने त्यांनी मध्ये दोन प्रश्नही विचारले.

रिक्षातून परत येताना ते बाहेर बघत होते. मारुती मंदिराच्या चौकात गर्दीत रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं, “गाड्या ठीक आहेत गो. तुला बरोबर कळलं होतं.”

काकींनी पदर तोंडाशी नेला. काकांनी रिक्षाच्या दांडीवर हात ठेवला होता. इंजिन त्या हाताखाली धडधडत होतं.

त्यानंतर काही आठवडे काका पडवीत बसले नाहीत. मी गेले की आतल्या खोलीत पंख्याखाली बसलेले दिसायचे, समोर वर्तमानपत्र. फिका चहा न कुरकुरता घ्यायचे. काकी रोज संध्याकाळी त्यांचे पाय मांडीवर घेऊन तळवे तपासायच्या आणि ते दुसरीकडे बघत बसायचे. सायकलींवर काकांच्याच हाताने घातलेली जुनी चादर होती. विचारलं तर म्हणायचे, बसलो की नुसती कुठलीतरी सायकल लागते, कोबे की रॉटरडॅम ते कळत नाय, आणि असली कुठलीतरी सायकल मला नको.

हे सगळं चाललं असताना काकी मात्र काहीतरी ठरवत होत्या. काकी दापोलीजवळच्या मुरुडच्या. लहानपणी वडिलांची सायकल घेऊन त्या शाळेला जायच्या, हे मला तोवर माहीत नव्हतं. काकांनाही बहुधा विसरायला झालं होतं. शिवाय काकी काकांपेक्षा बोटभर उंच होत्या. लग्नातल्या फोटोत काका पाटावर उभे आहेत. एका सकाळी मी खिडकीतून बघितलं तर पंजाबी ड्रेस घातलेल्या काकी हिरवी कोबे धरून आळीत उभ्या होत्या. त्यांनी मला खाली बोलावलं आणि सांगितलं, “वैशाली, तू नुसती मागून चल. पडले तर ओरडू नकोस, त्यांना ऐकू जाईल.”

त्या पडल्या नाहीत. पहिल्या दिवशी थोड्या डुगडुगल्या, आठवड्याभरात जेटीपर्यंत जायला लागल्या. काकांना आवाजावरून कळलं होतंच. सायकलींवरची चादर ओढून घेतली होती, ती त्यांनी पुन्हा घातली नाही. मग एक दिवस काकी कोबेवरून उतरल्या, सरळ आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “ही आंबोळीसारखी आहे. कडेला कुरकुरीत आणि मधे मऊ.”

काकांनी वर्तमानपत्र खाली केलं. “म्हणजे काय?”

“म्हणजे पाय दाबला की आधी मऊ लागतं, मग कडक.”

“लवते,” काका म्हणाले.

“लवत नाही. तुमचं लवणं वेगळं. आंबोळीच.”

मी दारात उभी होते. काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. “निळीवर बस बघू,” ते म्हणाले.

रॉटरडॅमला काकी पाटा म्हणाल्या. वाटायला काही नसलं की नुसता खडखडतो आणि वाटण पडलं की गप्प होतो. हे त्यांनी ओझं न घालताच सांगितलं, तेव्हा काकांनी लगेच पिशव्या मागवल्या आणि पाण्याच्या बाटल्या भरायला बसले. त्या दिवशी ते पडवीत आले. पुणेरीबद्दल काकी म्हणाल्या की ती ताटाखालच्या पाटासारखी आहे, आपण जेवतो तेव्हा तिची आठवणसुद्धा होत नाही. सुरुवातीला काका त्यांचा प्रत्येक शब्द दुरुस्त करायचे. मग दुरुस्त करायचं कमी झालं. पुढे पुढे मी त्यांना काकींचेच शब्द वापरताना ऐकलं. अभिजीतला फोनवर ते सांगत होते की कोबे म्हणजे आंबोळी, हे इतकी वर्षं मला सुचलं नाही.

अभिजीत पुढच्या थंडीत आला तेव्हा काकांनी त्याला रॉटरडॅम देऊन टाकली. तो नको नको म्हणत होता. काकांचं म्हणणं एवढंच होतं की ती ओझ्याची सायकल आहे. आता इथे तिला ओझं कोण देणार? तिचे हाल होतात. तिच्यावर सामान लादून तू जा कुठे जायचं तिथे. फक्त परत येऊन सांग काय काय झालं ते. आणि छान होतं असं सांगू नकोस. अभिजीत किनाऱ्याने पार गोव्याच्या खाली जाऊन आला. काळा ठिक्कर पडला होता. सकाळी पडवीत बसला तो जेवणाची वेळ झाली तरी बोलत होता, आणि काका मध्ये मध्ये थांबवून विचारत होते की ते वळण पुन्हा सांग, तिथे ती काय म्हणाली.

कोबे काकींची झाली. पुणेरी काकांनी स्वतःला ठेवली. मी त्यांना विचारलं की हिला तर तुम्ही कधी मान दिला नाही. ते बूट घालत होते. नाडी बांधायला त्यांना आता वेळ लागायचा, बोटांनी गाठ धरली आहे की नाही ते डोळ्यांनी बघावं लागायचं. “हिला माझ्या हातांची गरज नाय,” ते म्हणाले. “बाकीच्या दोघींना होती. ही आपली आपण जाते. आता कळतंय, शहाणी म्हणजे काय ते.” मग गाठ घट्ट ओढून उठले.

माझी परत मिरजेला बदली झाली. त्यानंतर तीन वर्षांनी काका गेले, झोपेतच, असं काकींनी फोनवर सांगितलं. आवाज शांत होता. शेवटपर्यंत सायकल चालू होती, असं त्या दोनदा म्हणाल्या. काकी अजून मांडवीतच असतात.

मी काकांना शेवटचं बघितलं ते रत्नागिरी सोडायच्या आधीच्या रविवारी. सामान बांधून झालं होतं, माझी सायकल टेंपोत चढली होती, म्हणून मी चालतच भाट्याच्या पुलावर गेले होते. सकाळचं ऊन खाडीवर पसरलं होतं आणि भरतीचं पाणी आत यायला लागलं होतं. मागून घंटी वाजली. काका आणि काकी दोघं पावसच्या रस्त्याला निघाले होते. थांबायचं नाही असं माझं त्यांच्याशी आदल्या दिवशीच ठरलं होतं. निरोप घेऊन झाला होता, जेवणही झालं होतं. काकांनी हँडलवरचा एक हात जरा उचलला, काकी हसल्या आणि दोघं पुढे गेले.

पूल संपतो तिथे रस्ता जरा उखडलेला होता. त्यावरून जाताना काकींनी मान डावीकडे वळवली आणि बोलायला सुरुवात केली. वाऱ्यामुळे मला एकही शब्द ऐकू आला नाही. काकी रस्त्याकडे बघून बोलत होत्या, मधेच एका हाताने हवेत काहीतरी थापल्यासारखं करत होत्या, आणि काका त्यांच्या शेजारी तंतोतंत त्याच वेगाने सायकल चालवत मान हलवत होते. एकदा त्यांनी जोरात मान हलवली, नाही म्हणून. काकींनी पुन्हा काहीतरी सांगितलं. मग काका हसताना दिसले, पाठीवरूनसुद्धा कळलं, आणि सुरूच्या बनाकडच्या वळणावर आधी हिरवी आणि मग लाल सायकल दिसेनाशी झाली.